कळस आणि बेहडा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासे घेऊन बसणाऱ्या सुमनमावशींनी परवा टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि मी काही विचारायच्या आतच सांगून टाकलं, "बंदी लागली, ताई. आता उजनीचं घ्या, नाहीतर बर्फातलं." टोपलीत कटला होता. मी घेतला, कारण हात हलवत परत गेलेलं मावशींना आवडत नाही आणि त्या ते आठवडाभर लक्षात ठेवतात. घरी येऊन तुकडे धुतले, हळद-मीठ लावलं आणि ओट्यापाशी उभी राहिले ती उभीच राहिले. बंदी हा शब्द कानावर पडला की माझं हल्ली असं होतं.

कोथरूडमध्ये राहणाऱ्या माणसाचे ऋतू तीन. उन्हाळा, पावसाळा आणि गणपती. माझ्या माहेरी आणखी एक आहे, बंदीचा. पावसाचे पहिले दोन महिने, मासे अंडी घालायला किनाऱ्याकडे आणि खाड्यांत शिरतात तेव्हाचे. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी झाकलेल्या, अंगणात चिखल, घरात सुक्या बोंबलांचा आणि ओल्या कपड्यांचा एकत्र वास. सरकारची बंदी फार अलीकडची. माझ्या लहानपणी नारळी पुनवेचा नारळ पाण्यात पडेपर्यंत होडी लोटायची नाही, एवढाच कायदा होता आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. पुरुष पडवीत बसून जाळी सांधायचे आणि भांडायचे. हातांना काम असलं तरी तोंडाला नसायचं.

लग्न होऊन मी पुण्यात आले त्याला आता इतकी वर्षं झाली की माझा माहेरचा हेल फक्त फोनवर उरला आहे. तोही धाकट्या भावाशी, दत्ताशी बोलताना. तो मला बाय म्हणतो. मोठ्या बहिणीला तिकडे तसंच म्हणतात. आईवडील गेल्यापासून घरातला कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा तर तो आधी बायला विचारतो आणि नंतर बहुतेक वेळा स्वतःला हवं तेच करतो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

एका बंदीच्या दिवसांत हा दत्ता आणि त्याच्याबरोबर आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवरची चार गावं पुण्यात आली होती. समुद्राचा आराखडा करायला. हे वाक्य मी आजही कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो.

पुण्यातच का, याला कारण होतं. चार गावांनी एकत्र बसायचं ठरलं, पण कुठल्या गावात बसायचं ते काही केल्या ठरेना. आमच्याकडची रीत अशी, की ज्याच्या अंगणात बसायचं त्याचा चहा प्यायचा आणि चहा प्यायला की पहिला शब्द त्याचा. असा चहा कुणालाच कुणाचा नको होता. तालुक्याला बसावं तर तालुका एका गावाला जवळ. शेवटी मेघना म्हणाली, मग पुण्याला या, तिथे समुद्रच नाही, कुणाची बाजू घेणार? मेघना ही एका संस्थेत काम करणारी मुलगी. कॉलेजात असल्यापासून समुद्राचा अभ्यास करत आलेली, राहायला धायरीला. चारही गावांत तिने पाऊसपाण्यात खेटे घातले होते. तिने चेष्टेत सांगितलं आणि चार गावांनी ते मनावर घेतलं. प्रत्येकाचं कुणी ना कुणी पुण्यात होतंच.

आषाढात लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणून घराजवळचं एक मंगल कार्यालय मिळालं. तिथल्या व्यवस्थापकांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "समुद्राची बैठक. पुण्यात. बरं. बूट मात्र बाहेर काढायचे, आमच्या फरशीला वाळू सोसत नाही." मी म्हटलं, सांगते. एका खोलीवर वधूपक्ष आणि दुसरीवर वरपक्ष अशा पितळी पाट्या होत्या. दुपारच्या जेवणानंतर उत्तरेकडची दोन गावं वधूपक्षात जाऊन कुजबुजायची आणि आम्ही दक्षिणेकडचे वरपक्षात. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्याने विचारलंसुद्धा, हुंडा कुणी कुणाला द्यायचा.

आमच्या गावचे पाचसहा जण माझ्या घरी उतरले होते. दोन खोल्यांच्या घरात गाद्या कमी पडल्या, सतरंज्या टाकल्या. येताना त्यांनी सोडे आणि बोंबील आणले होते, त्याचा वास जिन्यात तीन मजले पसरला. शेजारच्या काकूंनी दार उघडून, घरात काही मेलंय का, अशी चौकशी केली. माझे यजमान आधीच कमी बोलतात. ते म्हणाले, "हो. बोंबील." आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला.

सकाळी सगळ्यांना नदी बघायची होती. धरणातून पाणी सोडलं होतं, भिडे पूल पाण्याखाली गेला होता आणि पुणेकर नेहमीप्रमाणे वरच्या पुलावरून ते बघायला उभे होते. आम्हीही उभे राहिलो. दत्ताने बराच वेळ तो तपकिरी लोंढा आणि त्यावरचा फेस पाहिला. मग विचारलं, ही नदी जाते कुठे. मी सांगितलं, पूर्वेला, दुसऱ्या समुद्राला. आपल्याकडे येतच नाही का, असं त्याने पुन्हा विचारलं. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "बरं हाय."

पण मला तेव्हा काहीतरी टोचलं. सह्याद्रीच्या या अंगाला पडलेला पाऊस माझ्या माहेराकडे पाठ फिरवून जातो. मी रोज ज्या पाण्याने भांडी घासते, त्यातला एक थेंबही दत्ताच्या खाडीला मिळणार नाही. आणि तरी त्या खाडीचं काय करायचं ते आम्ही इथे बसून ठरवत होतो.

ठरवायचं होतं ते असं. खाडीच्या तोंडाशी डोलीच्या जागा आहेत. डोल म्हणजे पाण्यात खुंट रोवून त्यांना बांधलेलं पिशवीसारखं लांब जाळं. भरती-ओहोटीचं पाणी मासे आणून त्यात सोडतं. ज्याचा खुंट जिथे, ती जागा त्याची, बापाकडून मुलाकडे आलेली. पण या पिशवीचं टोक बारीक विणीचं असतं. त्यात खाडीत जन्मलेली पिल्लंही येतात, नखाएवढी, विकता न येणारी, उन्हात वाळवून खत होणारी. मासे कमी होत चालले होते आणि ते का, हे चारही गावांना माहीत होतं. सगळ्यांनी मिळून खाडीचं तोंड काही वर्षं मोकळं सोडायचं, तिथे कुणीच जाळं लावायचं नाही, एवढीच मूळ गोष्ट होती. बाकी नकाशे, रंगीत खडू, मत्स्य खात्याचे एक भले साहेब, हॉटेलवाल्यांचा एक प्रतिनिधी, हे सगळं भोवतीचं.

तोंडाशी ज्यांच्या जागा होत्या त्यांत सगळ्यांत चांगली आमची. बाबांची. त्या जागेच्या पहिल्या जाळ्यातली सुकट दरवर्षी एसटीने मला यायची, माहेरवाशिणीचा वाटा म्हणून. पलीकडच्या गावाने दुपारनंतर नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं. म्हणाले, आम्ही सोडू, पण आधी तुमचा दत्ता सोडतो का बघू. मी मागच्या रांगेत, डाळ-तांदळाचा हिशेब बाजूला ठेवून बघत होते. दत्ता उठला नाही, हात वर केला नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "सोडतो." मग एकेक करत सगळे सोडत गेले. मेघनाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. माझ्याही आलं, पण माझं वेगळ्या कारणाने. बाबांची जागा एका शब्दात गेली होती.

मग हद्द ठरवायची वेळ आली. मेघना म्हणत होती, मोबाइलवर अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळतात, ते लिहून ठेवू. यावर चारही गावं पहिल्यांदाच एक झाली, आणि ती नको म्हणायला. आकडा एकदा सरकारात गेला की परत येत नाही, असं पांडूदादा म्हणाले. हे पलीकडच्या गावातले वजनदार गृहस्थ, स्वतःच्या दोन होड्या, आमच्या बाजूच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, थोडी जमीन. आज आपण पाच वर्षांसाठी सोडू आणि उद्या तेच आकडे दाखवून कायमचं बंद करतील, ही भीती सगळ्यांनाच होती आणि ती खोटी म्हणता येत नाही. शिवाय पाण्यात पाटी लावता येत नाही. हद्द डोळ्याला दिसली पाहिजे.

डोळ्याला दिसणारी हद्द त्यांच्याकडे होतीच. आमच्या किनाऱ्यावर देवीचं देऊळ आहे आणि त्याच्या मागे उंच सड्यावर एकटं बेहड्याचं झाड. होडीतून येताना देवळाचा कळस आणि मागचा बेहडा एकापुढे एक आले, की तिथे थांबायचं. त्या ओळीच्या आत जाळं नाही. लहान पोरालाही कळेल अशी खूण. बेहडा पांडूदादांच्या जमिनीत होता. त्यांनी छातीला हात लावून सांगितलं की झाड सगळ्यांचं. मेघनाने आणखी दोनदा आकड्यांचा विषय काढला, मग तीही थांबली. जाताना व्यवस्थापकांनी फरशी बघितली आणि मान डोलावली. वाळू नव्हती.

पुनवेच्या आधी दत्ताने आमचे खुंट स्वतः उपटले. त्याने फोनवर सांगितलं ते एवढंच, की एक फार खोल गेला होता. आणि मग तो दूर, खोल पाण्यात जायला लागला, जिथे जायला वेळ जास्त लागतो आणि मिळतं कमी. मला सुकट येणं थांबलं. वहिनी पुण्याला आली की विकतची आणायची आणि ती विकतची आहे हे आम्ही दोघी बोलायचो नाही.

पण त्यानंतरचा एक पावसाळा मला आठवतो, त्यात मी चार दिवस माहेरी गेले होते. दत्ता मला खाडीच्या तोंडाशी घेऊन गेला. ओहोटीचं पाणी उतरत होतं. तो म्हणाला, बघ. मला आधी काही दिसेना. मग उथळ पाण्याचा वरचा थर थरथरताना दिसला, वारा नसताना. बोयट माशांची पिल्लं होती ती, असंख्य. दत्ता गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि ती त्याच्या पायांना वळसा घालून बाहेर समुद्राकडे निघाली. तो लहानपणी हसायचा तसा हसत होता. त्या वेळी मला वाटलं, जागा गेली ती वाया गेली नाही.

आमच्या कोकणात जमीन एकाची आणि तिच्यातलं झाड दुसऱ्याचं, हे सर्रास असतं. बाबांचे दोन फणस दुसऱ्याच्याच बागेत होते. बाग दोनदा विकली गेली, फणस आमचेच राहिले, आणि दर मे महिन्यात नवा मालक निमूटपणे बाजूला व्हायचा. कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायचं असतं हे कुणाला सुचलंही नसेल. म्हणूनच पांडूदादांनी सड्यावरची जमीन विकली तेव्हा त्यांच्या मनात काही आलं नाही. मुलीचं लग्न होतं, भाव बरा आला, त्यांनी जमीन दिली. झाड त्यांचं नव्हतंच, ते सगळ्यांचं होतं. जे आपलं नाही ते आपण विकू कसं, असा त्यांचा सरळ विचार. घेणाऱ्याला त्यांनी बोलता बोलता सांगितलंही होतं म्हणे, की झाड तेवढं राहू द्या. घेणाऱ्याने हो म्हटलं असेल. चहा पिताना माणूस कशालाही हो म्हणतो.

घेणारा पुण्याचा. नाव मला माहीत आहे, लिहीत नाही. त्याच सुमाराला कर्वे रस्त्याला एक फलक लागला होता, किनाऱ्यावरच्या बंगल्यांचा, खिडकीत निळा समुद्र. तो यांचाच होता की दुसऱ्या कुणाचा, देव जाणे. सगळे सारखेच असतात. समुद्र नीट दिसावा म्हणून बेहडा तोडला. जेसीबीने बुंधा उपटला, सडा सपाट केला, वर लाल माती टाकली आणि कुंपण घातलं. दत्ताने हे सांगितलं तेव्हा मी यजमानांना सांगितलं. ते वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "आपल्या लोकांना दृश्याच्या मध्ये काही आलेलं चालत नाही." त्यांच्या बोलण्यावर मी एरवी हसते. त्या दिवशी राग आला, आणि तो त्यांच्यावरच काढला.

गावात पांडूदादांना कुणी मूर्ख म्हटलं नाही. आपणही हेच केलं असतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. ते मात्र देवळासमोर बसून सांगत राहिले, "जागा दिली मी. झाड कुठं दिलं?"

लोकांनी झाडाच्या जागी बांबू रोवायचं ठरवलं. पण झाड नेमकं कुठे होतं? सपाट लाल मातीवर काही कळेना. जे रोज वर्षानुवर्षं झाड बघत आले होते, ते ते समुद्रातून बघत आले होते. वर उभं राहून कुणी बघितलंच नव्हतं. तरी अंदाजाने एक बांबू लावला, तर बंगल्याच्या राखणदाराने तो काढून टाकला. त्याला तसा हुकूम होता.

मग पुनव झाली आणि होड्या निघाल्या. कळस होता, त्याच्या मागे आभाळ होतं. प्रत्येकजण आपल्या मनातला बेहडा त्या आभाळात लावून थांबू लागला. यात लबाडी नव्हती, निदान सुरुवातीला नव्हती, हे मला दत्तानेच सांगितलं. पण ज्याची जागा जिथे होती, त्याचा बेहडा नेमका तिकडे सरकायचा. पहिल्या वर्षी थोडा, दुसऱ्या वर्षी जरा जास्त. कुणाला टोकावं तर तो शपथ घेऊन सांगायचा की झाड इथूनच दिसायचं, आणि त्याला खरंच तसं आठवत असायचं. माझ्या आठवणीतला बेहडा देवळाच्या डाव्या अंगाला आहे. दत्ताच्या तो उजव्या अंगाला. आम्ही दोघं एकाच घरात वाढलो.

मेघनाने पुन्हा बैठक बोलावली, त्याच कार्यालयात, पुढच्या बंदीत. आता तरी आकडे ठरवू, असं तिचं म्हणणं. पण आता कुणाचे आकडे? प्रत्येक गाव आपले सांगणार आणि उरलेली तीन गावं ते खोटे म्हणणार. मी नेहमीसारखी भाताची सोय करून गेले. खुर्च्या मांडल्या होत्या, फळ्यावर नकाशा लावला होता. दत्ता आला, आमच्या गावचे दोघे आले, मत्स्य खात्याचे ते भले साहेब निवृत्त झालेले असूनही आले. वधूपक्षाच्या खोलीला कुलूप होतं, ते उघडायची वेळच आली नाही. मेघना दर थोड्या वेळाने दारापर्यंत जाऊन रस्ता बघून येत होती. व्यवस्थापक लांबून पाहत होते. काहीतरी तिरकं बोलतील म्हणून मी तयारीत होते. ते आले, खुर्च्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, चहा सांगतो, भाड्याचं राहू द्या. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

दत्ताने त्या दिवशी चहा घेतला नाही. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही दोघं कार्यालयाच्या पायरीवर बसलो. रस्त्यावरून शिकवणीची मुलं रेनकोट घालून दुचाक्यांवरून जात होती. मी त्याला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नको. तो म्हणाला, वाईट नाय वाटत, लाज वाटते. मग पिशवी उचलून तो गाडीला निघाला. मेघना नंतर दुसऱ्या नोकरीला लागली. दिवाळीला तिचा संदेश येतो. त्यात ती खाडीचं काही विचारत नाही, आणि मला तिचा राग येत नाही.

हे सगळं परवा ओट्यापाशी उभं राहून आठवत होतं. कटल्याचे तुकडे तळले, यजमानांनी चांगले झालेत म्हणून खाल्ले. गोड्या पाण्याच्या माशाला मला अजून चव लागत नाही, पण मी तेही इतकी वर्षं बोललेले नाही. बाहेर पाऊस धरून होता. बंदी पाळली जातेय, होड्या किनाऱ्यावर आहेत, मासे खाडीत शिरत असतील, सगळं दरवर्षीसारखं. पुनवेनंतर त्यांच्या पिल्लांच्या वाटेवर काय उभं असेल, हे मात्र आता मला माहीत आहे.

कारण काल दुपारी दत्ताचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. वहिनीचे गुडघे, घराची गळती, मोठ्याची परीक्षा. तो असा लांबण लावतो तेव्हा पोटात काहीतरी असतं हे मला माहीत आहे, म्हणून मी नुसतं हं हं करत राहिले. मग म्हणाला, "बाय, पुनव झाली की खुंट रोवावा म्हणतो. बाबांच्या जाग्यावर."

मी विचारलं, बाकीच्यांचं काय. त्याने सांगितलं, सगळ्यांचे कधीच लागले. पांडूदादांच्या पोराचाही लागला. खाडीच्या तोंडाशी आता रिकामी जागा एकच होती, आमची, आणि तीही कुणीतरी यंदा घेईल असं गावात बोललं जातं.

"रोवू?" त्याने विचारलं.

मी त्याला त्या पिल्लांमध्ये उभं राहून हसताना पाहिलं होतं. पण त्यानंतरचे त्याचे सगळे पावसाळेही मी फोनवर ऐकले होते, ती लांबची फेरी, ते रिकामं येणं, स्वतःच्या रिकाम्या जागेशेजारी दुसऱ्यांची जाळी भरताना बघत बाजूने होडी काढणं. एकट्या माणसाने चार गावांचा शब्द किती वर्षं पाळायचा? मला त्याची दया आली. मी त्याची मोठी बहीण आहे.

"रोव," मी म्हटलं. "तू खूप केलंस."

त्याच्याकडच्या पत्र्यावरचा पाऊस मला इथे ऐकू येत होता.

"बरं," तो म्हणाला. "तू नको म्हणशील, म्हणून तुला फोन केला होता."